ओढणं आणि आवरणं

आमच्या माहेरी अर्ज लिहिण्याचं खातं माझ्याकडे आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे फळ. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचं असो, विजेचं मीटर बदलून हवं असो, नाहीतर कुणाला रजा हवी असो, फोन येतो आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "आत्या, जरा चार ओळी लिहून दे की." मी लिहून देते. पण यंदा दसऱ्याच्या सुमाराला भाच्याने जो अर्ज मागितला, तसला विषय माझ्या लेखणीखाली आजवर कधी आला नव्हता.

त्याची अडचण आधी सांगते. त्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलाय, पंचेचाळीस एचपीचा. गळीत हंगामात साखर कारखान्याला ऊस वाहून द्यायचा करार केलाय. वाहतुकीचे पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, पंक्चर, हे सगळं वजा जाता एका ट्रॉलीत कर्जाचा हप्ता निघत नाही. मागोमाग दोन ट्रॉल्या जोडल्या तर निघतो. पण तेवढं वजन त्याच्या कागदात बसत नाही.

"म्हणून म्हनतो आत्या, मागचे टायर मोठे घालतो. पुढं लोखंडाची वजनं बसवतो. पंपाचं डिझेल वाढवून घेतो. हूक बी जाड करतो. मग ट्रॅक्टरची ताकद वाढली, आता पुस्तकात बी क्षमता वाढवून द्या, असा आरटीओला अर्ज लिही."

मला आधी हसू आलं आणि मग त्याचं कौतुक वाटलं. आमच्या भागात हंगामात रस्त्याला उभं राहिलं तर दिसतंच की काय काय चाललेलं असतं. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन हात आलेल्या, ट्रॅक्टरची पुढची चाकं चढाला जमिनीला जेमतेम टेकलेली, आणि मागे एसटीपासून मोटारसायकलपर्यंत रांग. ते कुणी अर्ज करत बसत नाहीत. हा निदान विचारतोय. विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळालं नाही, की पुढच्या वर्षी तोही विचारायचं सोडून देतो, हे शाळेत मी पुष्कळ पाहिलंय. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी विषय समजून घ्यायचा असं ठरवलं.

आता माझा आणि यंत्रांचा संबंध एसटीच्या तिकिटापुरता. बी.ए.ला मराठी, तेही सगळं मराठी माध्यमातून. पण दोन माणसं हाताशी होती. एक माझा जुना विद्यार्थी, जो परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होता आणि आता स्वतःच निवृत्त झालाय. (आपले विद्यार्थी निवृत्त होऊ लागले की आपलं वय कळतं!) आणि दुसरे आमचे मेलबर्नचे जावई, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. शिवाय भाच्याकडून ट्रॅक्टरसोबत आलेलं माहितीपुस्तक मागवून घेतलं. ते त्याने अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलंही नव्हतं.

पहिला प्रश्न: अशा फेरफारांनी ट्रॅक्टर खरंच जास्त ओढतो का?

याचं उत्तर चक्क 'हो' आहे. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी बुदनी नावाचं गाव आहे. तिथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण देणारी आणि चाचणी घेणारी संस्था आहे. ट्रॅक्टर तिथे तपासले जातात. इंजिनाची ताकद, ब्रेक, मागची उचल, आणि 'ड्रॉबार'ची ओढ, म्हणजे मागच्या दांड्याला भार अडकवून ट्रॅक्टर प्रत्यक्ष किती जोर लावतो ते. ही ओढ साध्या ट्रॅक्टरवर मोजतात आणि वजनं लावून, टायरमध्ये पाणी भरूनही मोजतात. वजन लावलेला आकडा मोठा येतो. कारण सोपं आहे. इंजिनात कितीही जोर असला तरी तो जमिनीला पोचतो चाकांतून, आणि चाकावर भार कमी असला की ते जागच्या जागी घसरतं. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक गरगर फिरतं पण गाडी हलत नाही, तसं. भार वाढवला की चाकाची पकड वाढते.

तेव्हा भाच्याचा तर्क काही हवेतला नव्हता. वजनं लावण्याची सोय कंपनीच करून देते. माहितीपुस्तकात ती किती आणि कुठे लावायची तेही दिलेलं आहे. म्हणजे कंपनीने आकडा ठरवला तेव्हा ही वजनं धरूनच ठरवला.

बाकीच्या तीन गोष्टी मात्र विद्यार्थ्याने एकेक करून खोडल्या. "बाई, मोठं टायर घातलं की चाकाचा एक फेरा लांब पडतो. त्याच गिअरात ट्रॅक्टर जोरात पळतो, पण ओढायची ताकद उलट कमी होते. आणि तेवढंच मोठं चाक थांबवायला ब्रेकवर जास्त ताण." हे ऐकून मी चाट पडले. मोठं म्हणजे बळकट असंच आपण धरून चालतो. पंपाचं डिझेल वाढवलं की इंजिन धूर सोडून जोर करतं खरं, पण त्याच्यापुढचा क्लच, गिअर, धुरा हे सगळं जुन्याच जोराच्या हिशेबाने घडवलेलं असतं. हूक जाड केला तर हूक तुटणार नाही. तो ज्याला बोल्टने बसवलाय ते ओतीव लोखंड तेवढंच राहतं. आणि काहीजण ट्रॉली ओढायला सोपी जावी म्हणून हूक वर चढवून घेतात, ते तर सगळ्यात वाईट. ओढ वरून बसली की चढाला ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागच्या मागे उलथू शकतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही सवड मिळत नाही.

दुसरा प्रश्न: कागदावरचा आकडा वाढवून मिळतो का?

याचं उत्तर 'नाही'. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यातलं कलम ५२ सांगतं की मालकाने वाहनात असा बदल करायचा नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ मंजूर असलेलं गॅसचं किट बसवणं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं वाहन नोंदवता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झाला. ट्रॉलीची नोंद स्वतंत्र असते, तिचं भरलेलं वजन तिच्या पुस्तकात असतं, ते ओलांडायचं नाही. आणि अपघात झाला तर असा फेरफार म्हणजे विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण.

भाचा म्हणाला, "पन आत्या, ट्रकवाल्यांना वाढवून दिलं की सरकारनं!"

हेही खरं आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालट्रकच्या धुऱ्यांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. दोन धुऱ्यांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं, तीन धुऱ्यांच्या ट्रकचं २५ वरून २८.५ वर. पण तो निर्णय एका जातीच्या सगळ्या वाहनांचा होता, तोही रस्ते, पूल आणि बनावट यांचा विचार करून केलेला. आपल्या गावच्या फिटरने आपल्या एका ट्रकला दोन पाटे जास्त घातले म्हणून त्या एका ट्रकचा आकडा वाढला, असं कुठे झालेलं नाही. परीक्षेचा अभ्यासक्रम मंडळ बदलतं. आपल्या वहीला जाड पुठ्ठा घातला म्हणून आपले गुण वाढत नाहीत. (हा दाखला ऐकून विद्यार्थी म्हणाला, "बाई, तुम्ही अजून शाळेतच आहात.")

इथवर कायदा झाला. पण 'कायदा आहे म्हणून' हे उत्तर मला कधीच पुरत नाही, आणि भाच्याला तर नाहीच नाही. कायदा असा का, हे मला ज्या ठिकाणी कळलं ते ठिकाण कृष्णाकाठापासून फार लांब आहे.

२०१६ साली मी लेकीकडे मेलबर्नला गेले होते. तिकडे घरोघरी गाडीमागे जोडायचा ट्रेलर. बागेतला कचरा टाकायचा, जुनं कपाट हलवायचं, सगळं आपलं आपणच. जावयांकडे मागे हौदा असलेली मोठी गाडी होती, तिला ते 'यूट' म्हणतात. यंदा भाच्याचं प्रकरण निघालं तेव्हा मी त्यांना फोन केला आणि विचारलं, तुमच्या गाडीची ओढायची अधिकृत क्षमता किती? ते म्हणाले, "आई, दोन आकडे आहेत. साडेसातशे किलो आणि साडेतीन हजार किलो."

मी म्हटलं, एकाच गाडीचे दोन आकडे कसे? इंजिन तेच, हूक तोच, चाकं तीच!

ते म्हणाले, "ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर साडेसातशे. असेल तर साडेतीन हजार."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हाच विचार करत होते. एवढे दिवस मी, भाचा, आणि बहुतेक सगळेच 'क्षमता' म्हणजे 'ओढायचा जोर' असंच समजत होतो. आणि इथे जोर कणभरही न बदलता आकडा जवळजवळ पाचपट होत होता. बदलत होती ती फक्त मागच्या ओझ्याला थांबवण्याची व्यवस्था. तिकडचा नियमच आहे, साडेसातशे किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक हवा, दोन हजार किलोच्या वर त्याच्या सगळ्या चाकांना हवा, आणि वाटेत हूक सुटलाच तर ट्रेलरने आपोआप ब्रेक लावून घ्यायचा अशी योजनाही हवी. तिकडेही लोक हौसेने गाडीला कडक स्प्रिंगा बसवतात, तसं प्रमाणपत्रही मिळतं. पण ते गाडीने स्वतःच्या पाठीवर किती वाहायचं याचं. तेवढ्याने मागे ओढायचा आकडा वाढत नाही. उलट गाडी आणि ट्रेलर मिळून जी एकूण मर्यादा असते ती तेवढीच राहते, म्हणून पाठीवर जास्त घेतलं तर मागे ओढायला कमी उरतं. किती साधा हिशेब आहे!

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर आणू. भाच्याचा ट्रॅक्टर स्वतः दोनेक टनांचा. मागे दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस धरा, वर ट्रॉल्यांचं आपलं वजन. म्हणजे दोन टनांच्या जिवाने चोवीस-पंचवीस टन आवरायचे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. जो काही आहे तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. सपाटीला हळू चाललं तर निभतं. पण उतार लागला, की ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. त्यात डिझेल वाचवायला ड्रायव्हरने गिअर काढून गाडी सोडली, तर इंजिनाचा अटकावही गेला. वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. शेवटी वळणावर ट्रॉली एका अंगाला येते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वर्तमानपत्रात ही बातमी दर हंगामात येते, चार ओळींची, आतल्या पानावर. 'नियंत्रण सुटल्याने' एवढंच लिहिलेलं असतं.

माझ्या वडिलांची बैलगाडी होती. गावातून नदीकडे जाताना एक उतार होता. तो आला की वडील गाडीवरून खाली उतरून बैलांच्या पुढे जात आणि जू हातांनी मागे रेटत सावकाश चालत. बैल दांडगे होते, चढाला त्यांना कधी चुचकारावंही लागलं नाही. तरी वडील गाडी पूर्ण भरू द्यायचे नाहीत. सालगडी म्हणायचा, "मालक, बैलं वढत्यात की!" त्यावर वडील म्हणत, "वढत्यात. पन उताराला धरत्यात का, ते सांग." त्या वयात मला वाटायचं वडील भित्रे आहेत. यंत्रशास्त्र ते शिकलेले नव्हते, पण बुदनीत आणि मेलबर्नमध्ये जे मोजून कागदावर लिहितात, ते त्यांना त्या एका उताराने शिकवलं होतं.

आता थोडी माझ्या विषयाची हौस भागवून घेते. 'क्षमता' आणि 'क्षमा' हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'क्षम्' या एकाच धातूपासून आले. त्याचा अर्थ सोसणं, सहन करणं. क्षमता म्हणजे जोर असा अर्थ आपण नंतर लावला. मुळात ती सोसण्याची मर्यादा आहे. कंपनी जो आकडा लिहिते तो तसाच असतो. इंजिन, क्लच, धुरा, हूक, टायर, स्टिअरिंग, ब्रेक, या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी किती सोसेल, तेवढा तो आकडा. बाकीच्या कड्या पोलादाच्या केल्या तरी कच्ची कडी कच्चीच राहते. भाच्याने सांगितलेल्या चार फेरफारांत ब्रेकचा एकही नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचं तरी काय चुकलं? ओढायचे पैसे मिळतात, थांबण्याचे कुणी देत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो मुकाट्याने ऐकत होता. शेवटी म्हणाला, "समदं खरं आत्या. पन हप्ता?"

या प्रश्नावर मेलबर्नचा कुठलाही नियम चालत नाही. दोन खेपा कर म्हणावं, तर कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत कधी कधी दहा-बारा तास जातात. दुसरी खेप होईलच याचा भरवसा नाही. ऊस तोडून ठेवला की वाळतो, वजन घटतं, टोळीचा मुकादम घाई करतो. जो दोन ट्रॉल्या भरून नेतो त्याला कुणी वाईट हौस नसते, त्याचं गणितच तसं मांडलेलं असतं. म्हणून 'नियम पाळा' एवढं सांगून मोकळं व्हायला मला लाज वाटली. सुरक्षित वागण्याची किंमत एकट्या त्याच्या खिशातून जाणार असेल, तर घरच्यांनी थोडी वाटून घ्यायला हवी की नको?

मग आम्ही भावंडं बसलो. आरटीओच्या अर्जाऐवजी मी बँकेला अर्ज लिहिला, हप्ते लहान करून मुदत वाढवून द्यावी असा. बँकेने थोडं मानलं, सगळं नाही. उरलेल्यातला काही भाग धाकट्या भावाने उचलला, काही माझ्या पेन्शनमधून जातोय. सौदा असा ठरला, की या हंगामात मागे एकच ट्रॉली, तीही तिच्या पुस्तकातल्या वजनाइतकीच भरायची. भाच्याने हे आनंदाने मान्य केलं असं म्हणणार नाही. गावात पोरं त्याला 'एक डब्याची आगगाडी' म्हणतात म्हणे. परवा फोनवर जरा चिडूनच म्हणाला, शेजारच्याने दोन ट्रॉल्यांवर हंगामाच्या मध्यालाच वर्षाचा हप्ता काढला. मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्याच्या ट्रॅक्टरवर जो ड्रायव्हर आहे त्याची मुलगी यंदा पाचवीत गेलीय, एवढं मात्र मला माहीत आहे.

असो. माझे माहेरचे, सासरचे बरेच लोक हे वाचतात आणि त्यांतल्या निम्म्या घरांत ट्रॅक्टर आहे, म्हणून जाता जाता तीन गोष्टी. माझ्या म्हणून ऐकू नका, माहितीपुस्तकात लिहिल्यात म्हणून ऐका. एक, शेतात वळताना सोयीचं म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे दिलेले असतात. रस्त्यावर येण्याआधी ती दोन्ही पेडलं खिटीने जोडून घ्या, नाहीतर घाईत एकच दाबलं जातं आणि ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो. दोन, उतारावर गिअर काढू नका. ज्या गिअरात चढ चढलात त्याच गिअरात उतरा. तीन, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा आणि ते उसाच्या वाढ्याखाली झाकले जाणार नाहीत हे बघा.

हंगाम अजून दीड-दोन महिने चालेल. सावकाश या, सावकाश जा.